जुन्या पियानोचं आतलं लाकूड: आधी वाळवा, मग रंधा

दरवर्षी जुलै आला की मला एकच फोन येतो, माणसं वेगळी पण बोलणं तेच, पियानोच्या दहा-बारा पट्ट्या खाली जातात आणि वर येत नाहीत, लाकूड फुगलंय, येऊन जरा तासून द्या. मी गोव्यातला, फोंड्याकडचा, घरात तीन पिढ्या सुतारकाम, बाबांकडे भजनाच्या पेट्या दुरुस्तीला यायच्या आणि पेटीवरून मी हळूहळू पियानोकडे गेलो. सासष्टीत लोटली, चांदर, मडगाव या बाजूच्या जुन्या घरांत अजून बरेच पियानो आहेत, पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना संगीत शिकवायचे त्यामुळे घरात वाद्य असणं तिथे नवलाचं नव्हतं. यातले बहुतेक उभे पियानो आहेत, म्हणजे अपराईट, त्यामुळे खाली जे सांगतोय ते मुख्यतः अपराईटबद्दल.

तर जुलैतल्या फोनला माझं उत्तर असतं, आत्ता नाही तासणार. आमच्या बाबांना पावसात कोणी अडकलेलं दार दाखवलं तर ते म्हणायचे, "आतां रंदो मारूं नाका, चवथ सोंपूं दी," म्हणजे आता रंधा मारू नका, गणेशचतुर्थी संपू दे. पावसात तासलेलं दार डिसेंबरात फटीतून वारा घेतं हे गोव्यात प्रत्येक घराला माहीत आहे, पण तीच गोष्ट पियानोला लागू आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. मी स्वतः सुरुवातीला ही चूक केलीय. एका घरी पट्ट्यांच्या बाजू पॉलिश पेपरने घासून मोकळ्या करून दिल्या, सगळे खूश, आणि जानेवारीत त्याच पट्ट्या डुलायला लागल्या, वाजवताना खटखट आवाज. घासलेलं लाकूड परत येत नाही. त्या पट्ट्यांना पातळ व्हीनिअर चिकटवून परत मापात आणायला मला आठ दिवस लागले.

हिशोब बघा. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं, ८५ टक्के झाली की १७ टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्याकडे पावसात ८५ म्हणजे रोजचीच. पट्टीची काठी, म्हणजे वरच्या पांढऱ्या पत्र्याखालची आतपर्यंत गेलेली लांब लाकडी पट्टी, बहुतेक वेळा स्प्रूस, पाईन किंवा लाईमवुडसारख्या हलक्या लाकडाची असते आणि पुढच्या बाजूला साधारण २२-२३ मिमी रुंद, ती एवढ्या पाण्याने पाव मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पट्टी ज्या पिनवर बसते तिच्या भोकात दोन्ही बाजूला जे कापड असतं तिथे जागाच तेवढी असते, आणि ते कापड लोकरीचं, ते स्वतःही पाणी पितं.

म्हणून पहिलं काम वाळवणं. पुढची मोठी फळी काढा, खालची फळी काढा, वरचं झाकण उघडं ठेवा. उन्हात काही ठेवायचं नाही, ऊन एका बाजूने लागलं की लाकूड पिळतं. जुन्या घरात लोक पियानोच्या तळाला १५ वॉटचा बल्ब लावून ठेवायचे, ती पद्धत चांगली आहे, फक्त बल्ब जुना फिलामेंटवाला हवा कारण एलईडी गरम होत नाही, लाकडापासून आणि कापडापासून वीतभर लांब हवा आणि घरात कोणी नसेल तेव्हा बंद. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आणून आत ठेवा. साठ-पासष्टच्या आसपास तीन आठवडे राहू द्या आणि मग बघा किती पट्ट्या खरंच अडकतात. बाराच्या दोन उरतात असा माझा अनुभव आहे. आणि लाकूड खरंच कापायचं, नवीन बसवायचं असेल तर दिवाळीनंतर ते शिगम्यापर्यंतचे महिने धरा.

वाळवूनही सगळ्याच पट्ट्या जड वाटत असतील तर पट्ट्यांच्या समोर जी लांब आडवी पट्टी असते, तिला की स्लिप म्हणतात, ती बघा. ती ओलाव्याने आत वाकते आणि पट्ट्यांच्या नाकाला घासते. स्क्रू सोडवून ती बाहेर काढा, आता पट्ट्या मोकळ्या झाल्या तर रोग तिथेच होता. की स्लिप आणि तिच्या मागच्या लाकडाच्या मध्ये स्क्रूच्या जागी पत्रिकेच्या जाड कार्डाचा तुकडा घाला, परत स्क्रू लावा, झालं. यासाठी लोकांनी पट्ट्यांची नाकं तासलेली मी पाहिलीत, बघवत नाही.

आता एकेकटी पट्टी. प्रत्येक पट्टी दोन पिनांवर असते, पुढची पिन लंबगोल आणि मधली, जिच्यावर पट्टी तराजूसारखी डुलते, ती गोल. पट्टी काढण्याआधी पूर्ण ॲक्शन बाहेर घ्यावी लागते, ॲक्शन म्हणजे तारेवर आपटणारे हॅमर आणि त्यांच्या मागची सगळी यंत्रणा, ती तीन-चार लोखंडी किंवा लाकडी खांबांवर असते, वरच्या बाजूला हाताने फिरवायच्या चाव्या असतात. त्या सोडवून ॲक्शन आधी स्वतःकडे थोडी झुकवायची आणि मग सरळ वर उचलायची, दोन माणसं घ्या, आणि खाली जुनी चादर अंथरून त्यावर दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा म्हणजे खालचे भाग दबणार नाहीत. पट्ट्यांवर नंबर असतो, नसला तर पेन्सिलने १ ते ८८ घाला, जुन्या काही पियानोंना ८५ च असतात.

परीक्षा सोपी आहे. पुढून पट्टी उचलून सोडा, स्वतःच्या वजनाने खाली यायला हवी. नाही आली तर पुढच्या भोकातलं कापड दाबायचं, त्यासाठी सपाट दातांची खास पक्कड मिळते, ती नसेल तर गुळगुळीत केलेली शिसवीची पातळ पाचर भोकात घालून हलक्या हाताने दोन्हीकडे दाबा. पक्कड वापरताना काठीच्या बाहेरून एका बाजूला पितळी पत्रा ठेवा म्हणजे लाकडावर दाताची खूण पडत नाही. एकदा दाबा, बसवून बघा, परत दाबा. मधली पिन ज्या भोकात जाते ते काठीच्या तळाला घट्ट असतं आणि वर लांबट होत जातं, तिथे पट्टी किंचित उचलून सोडली की हळूच सरकून बसली पाहिजे. अडकली तर त्याच मापाची गुळगुळीत पिन भोकातून दोन-तीनदा फिरवायची, ड्रिल बिलकुल लावायचं नाही. भोक मोठं झालं की पट्टी पुढेमागे सरकते आणि मग भोकात पातळ सरस सोडून, वाळल्यावर पिनच्या मापाला आणायचं किंवा फारच झिजलं असेल तर लाकडी गुज, म्हणजे बारीक खुंटी, भरून नवीन भोक.

एक विनंती, मनापासून. तेल घालू नका. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, स्प्रे, काहीच नाही. चांदरच्या बाजूला एका घरात कोणीतरी प्रत्येक सांध्यात खोबरेल सोडलं होतं, आठवडाभर पियानो छान वाजला असेल, मग सगळं कापड फुगून चिकट झालं. तेल प्यालेल्या लाकडावर सरस धरत नाही, म्हणजे पुढची प्रत्येक दुरुस्ती अवघड. जिथे लाकूड कातड्यावर घासतं तिथे मऊ पेन्सिलचं शिसं, ६बी घ्या, चोळून लावा, बास.

हॅमरचा सांधा घट्ट झाला असेल, म्हणजे हॅमर तारेवर जाऊन हळूहळू परत येतोय, तर त्या सांध्यात बारीक पितळी पिन असते आणि तिच्याभोवती लाल कापड. पिन साधारण १.२७ मिमी जाड, तिला २० नंबर म्हणतात, आणि पुढचा प्रत्येक अर्धा नंबर ०.०२५ मिमीने जाड. लाकूड कोरण्याआधी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, तेवढंच पाणी मिसळा, सुईच्या टोकाने कापडावर एक थेंब, आणि दोन दिवस वाळू द्या. कापड आधी फुगतं आणि वाळताना मागे सरकतं, सांधा मोकळा होतो. हॅमर सांध्यावर मोकळा धरून सोडला की पाच-सात झोके घेऊन थांबावा. दोनच झोके म्हणजे घट्ट, दहा-बारा म्हणजे ढिला.

आता तुटलेलं लाकूड. आधी गोंदाबद्दल बोलतो कारण इथेच जास्त नुकसान होतं. पियानोच्या आतलं जुनं काम सरसात केलेलं असतं, जनावराच्या कातड्याचा सरस, हार्डवेअरच्या जुन्या दुकानात दाणे किंवा वड्या मिळतात. रात्री दुप्पट गार पाण्यात भिजवा, सकाळी चहाच्या टोपात पाणी घेऊन त्यात स्टीलची वाटी ठेवून गरम करा, ६० डिग्रीच्या आसपास, उकळायचा नाही, उकळला की जोर गेला. हवा तेवढाच करा कारण आपल्याकडे दोन दिवसांत बुरशी येते. मान्य आहे की सरस ओलाव्याला कच्चा आहे आणि गोव्यातल्या जुन्या पियानोंचे सांधे त्यामुळेच सुटतात, म्हणूनच इंग्लंडच्या कारखान्यांनी गरम देशांसाठी ट्रॉपिकल मॉडेल काढली, त्यात सांध्यांना वरून पितळी स्क्रू दिसतात. पण तरीही ॲक्शनमध्ये मी सरसच लावतो, कारण उद्या कोणाला तो सांधा उघडायचा असेल तर ऊब आणि ओलाव्याने उघडतो. पांढरा गोंद सतत ताण असला की हळूहळू सरकतो आणि वाळलेल्या जुन्या थरावर नवीन गोंद धरत नाही, म्हणजे पुढच्या माणसाला लाकूडच खरवडावं लागतं. मला एकदा असे चौदा हॅमर मिळाले होते, आधी कोणी केले माहीत नाही, प्रत्येक सांध्यात मूळ लाकूड एक मिलिमीटर तरी कमी झालं ते खरवडण्यात.

हॅमरची दांडी तुटणं सगळ्यात कॉमन. दांडी मेपल किंवा हॉर्नबीमची असते, जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, पण जुन्या पियानोत फरक असतो म्हणून व्हर्नियरने शेजारची मोजा. तुटलेली जागा नीट बघा. लांब तिरपी चीर असेल, दोन्ही तुकडे एकमेकांत बसत असतील तर तुम्ही नशीबवान. कुसळं कापू नका, तीच सांधा धरतात. गरम सरस दोन्हीकडे, दाबून बसवा, वरून सुती दोरा शेजारी शेजारी गुंडाळा, दुसऱ्या दिवशी दोरा काढा आणि ओघळ पटाशीने अलगद उचला. अशी दांडी पुढे वर्षानुवर्षं चालते.

आखूड तुटली असेल, कट्कन सरळ, तर नवीन दांडी. आधी खालचा कापडी पट्टा, ब्रायडल म्हणतात, तो सोडवा, मग लांब बारीक स्क्रूड्रायव्हरने हॅमरच्या सांध्याचा स्क्रू काढा. दोन्हीकडे दांडीचा तुकडा अडकलेला असतो, एक हॅमरच्या डोक्यात आणि एक खालच्या ठोकळ्यात. वरचा भाग सपाट कापा, बरोबर मध्ये टोचणीने खूण करा, ३ मिमीचं ड्रिल, मग ५, आणि शेवटचा पापुद्रा बारीक गोल कानशीने. भोकाला थोडा तिरका कोन असतो, तो मोडू नका, शेजारच्या हॅमरवर नजर ठेवून ड्रिल धरा. घाईत भोक वाकडं गेलं तर हॅमर शेजारच्या तारेवर पडणार.

दांड्या तयार मिळतात, मुंबईहून मागवता येतात, आणि अख्खा सेट करायचा तर तेच करा. पण एक-दोन दांड्यांसाठी मी मोडीत काढलेल्या पियानोच्या दांड्या जपून ठेवतो, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड कुठे मिळणार. तेही नसेल तर हळदूचं लाकूड बघा, बारीक एकसारखं, पूर्वी कापडगिरण्यांच्या बॉबिन त्याच्या करायचे. सागवान घेऊ नका, आपल्याला सागाचं प्रेम आहे ते ठीक पण तो तेलकट असतो, सरस नीट धरत नाही, आणि एवढ्या बारीक कामात तडकतो. तुकडा करवतीने कापू नका, पटाशी ठेवून फोडा. फोडलं की लाकूड स्वतःच्या रेषेने उघडतं आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ मिळते, करवत रेष मधेच तोडते आणि दांडी तिथेच मोडते. मग चौकोनी काडी रंध्याने, चारचे आठ कोपरे करा, आणि जाड लोखंडी पट्टीत ७, ६.५, ६, ५.५ अशी भोकं पाडून काडी एकेका भोकातून हातोडीने हलकेच ठोकत पार करा. शेवटच्या भोकातून बाहेर येते ती दांडी जवळजवळ तयार असते. ती दगडी लादीवर टाका आणि ऐका. चांगली दांडी टणत्कार देते, दुबळी थप्प करते. मी चार-पाच करतो आणि आवाजाने निवडतो, उंच आवाजाची वरच्या सुरांना, खालच्या आवाजाची बेसला. बसवताना दोन्ही टोकांना कानशीने लांबीच्या दिशेने दोन-तीन बारीक खाचा मारा म्हणजे जास्तीचा सरस बाहेर यायला वाट मिळते, नाहीतर कोंडलेला सरस ठोकळा फोडतो. सरस लावल्यावर मिनिटभर हातात असतो, तेवढ्यात हॅमर शेजाऱ्यांच्या ओळीत आणि उंचीत आणायचा. बेसचे हॅमर तिरके असतात, ते तसेच हवेत, सरळ करायला जाऊ नका.

पट्टीची काठी मोडली तर बहुतेक वेळा मधल्या भोकापाशीच मोडते कारण तिथे लाकूड सगळ्यात कमी. चिकटवून वरून नुसता सरस पुरत नाही. आधी तुकडे जुळवून चिकटवा, सपाट फळीवर, खाली मेणकागद. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी भोकाच्या मागेपुढे तीन-तीन बोटं एवढ्या लांबीत एक मिलिमीटर लाकूड पटाशीने काढा आणि तेवढ्याच जाडीची पट्टी, रेष लांबीच्या दिशेने, चिकटवा. आधी काढायचं कारण शेजारच्या पट्टीत आणि हिच्यात अंतर फार कमी असतं, वरून चिकटवली तर घासणार. मग भोक परत मोकळं करा, पिनपेक्षा किंचित लहान, आणि पिननेच मापात आणा. वरचे पांढरे पत्रे जुन्या पियानोत हस्तिदंताचे असू शकतात, एखादा हरवला असेल तर हस्तिदंत शोधत फिरू नका, देशात त्याच्या व्यापारावर बंदी आहे, हाडाचा किंवा प्लास्टिकचा बसवा.

साउंडबोर्ड, म्हणजे तारांच्या मागची मोठी स्प्रूसची फळी, तिला चीर दिसली की लोक घाबरतात. नुसती चीर असेल आणि मागच्या आडव्या पट्ट्या फळीला घट्ट चिकटलेल्या असतील तर पियानो व्यवस्थित वाजतो. झणझण येतेय तर मागून एकेका पट्टीच्या कडेने पातळ व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा, जिथे आत गेलं तिथे सांधा सुटलाय. तिथे इंजेक्शनच्या सुईने सरस घालून समोरून लाकडी गुंडी आणि स्क्रूने दाबायचं. चीर भरायचीच असेल तर कोरड्या दिवसांत, जेव्हा ती सर्वात रुंद असते, स्प्रूसची लांब पाचर घालून, आणि पाचरीची रेष फळीच्या रेषेच्याच दिशेने. पावसात चीर आपोआप मिटते आणि बरी झाली असं वाटतं, तेव्हा भरली तर कोरड्या दिवसांत शेजारी नवीन फुटते.

तारांच्या खुंट्या ज्यात ठोकलेल्या असतात तो ठोकळा आणि तारांखालचा ब्रिज, या दोन्हींना घरी हात लावू नका. सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टन असतो. एका बाजूच्या तारा सोडल्या आणि दुसरीकडच्या तशाच ठेवल्या तर ताण एकांगी होतो, आणि तुटलेली तार डोळ्यावर येते. तिथे जाणकार माणूसच हवा.

वाळवी बघायला विसरू नका. तळाची फळी आणि भिंतीकडची बाजू, मातीची रेघ दिसली तर आधी घराचा बंदोबस्त. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, भुगा झाडून खाली काळा कागद ठेवा आणि महिन्याने बघा, नवीन भुगा पडला असेल तर किडा जिवंत आहे. भिंतीपासून पियानो वीतभर पुढे ओढून ठेवा, चिऱ्याच्या भिंती पावसात किती ओल धरतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

सगळं बसवून झालं की ॲक्शन आत घ्या, ब्रायडलचे पट्टे एकेक करून तारेच्या हुकात अडकवा, एखादा राहून ॲक्शनमध्ये अडकला तर तिथला हॅमर नीट चालत नाही. पण ॲक्शन आत घेण्याआधी पहिली पट्टी परत एकदा बाहेर काढा आणि तिच्या बाजूला पेन्सिलने महिना, वर्ष, मीटरवरची आर्द्रता आणि काय केलं ते लिहा. लोटलीतल्या एका पियानोत पहिल्याच पट्टीवर मला असं पुसट पोर्तुगीजमधलं लिहिलेलं सापडलं, फक्त महिना वाचता आला, जानेरू, म्हणजे जानेवारी. मी त्याच्या खाली माझा जानेवारी लिहिला आणि पट्टी आत सरकवली.